हॉलमध्ये आर्मचेअर बुक्लेच्या घ्याव्या की सागवान-वेताच्या? (मनीषनगर, नागपूर, टू बीएचके)

मनीषनगरवाला
मंडळी, नवीन फ्लॅट झालाय, हॉल ११ बाय १४, थ्री सीटर सोफा आधीच घेऊन झालाय, आता त्याच्या समोर दोन आर्मचेअर घ्यायच्यात. इंटिरिअरवाला म्हणतो क्रीम कलरच्या बुक्ले घ्या, ते गाठीगाठीचं लोकरीसारखं कापड असतं ना ते, बायकोलाही तेच पसंत आहे. माझं मत उलट आहे. आपल्याकडे मार्च संपता संपता कूलर सुरू होतो, कूलरला खिडकी उघडी लागते, खिडकी उघडी म्हणजे धूळ आत, आणि त्या गाठींमध्ये धूळ बसली की ती काढायची कशी? वर नवतप्यात पारा ४५-४६ ला गेल्यावर त्या लोकरीवर बसणार कोण. सागवानाच्या वेत विणलेल्या घ्याव्या, चंदीगड चेअर म्हणून मिळतात तसल्या. पाठीला हवा तरी लागते. बोला.

झाडू_पोछा_क्वीन
दादा, वेताच्या खुर्चीवर नुसतं कोणीच बसत नाही, मांडीवर जाळी उमटते म्हणून सगळे वर फोमची गादी टाकतात, मग हवा कुठून लागणार? आणि ढेकूण विसरलात का, एकदा वेताच्या विणीत शिरले की खुर्ची गच्चीवर उन्हात टाकण्याशिवाय इलाज नाही. आजकालचं बुक्ले बहुतेक पॉलिस्टरचं असतं, लोकर नसतेच, आठवड्यातून एकदा व्हॅक्यूम मारला की झालं. क्रीम नको हे मात्र मान्य, वीटकरी नाहीतर मेंदी कलर घ्या. वहिनींची बाजू बरोबर आहे.

लकडगंजचा_पोट्टा
राजेहो, पहिले हे पाहा की सागवान खरंच सागवान आहे का. आल्लापल्ली-बल्लारशाचा साग म्हणजे आपल्या विदर्भाची शान, नव्या संसदेच्या कामातही नागपूरचा साग गेला, अन् शोरूममधे टीक फिनिश म्हणून आंब्याच्या लाकडाले पॉलिश मारून विकून राहिले! खुर्ची उलटी करून पाहाची, खाली पॉलिश नसते तिथं लाकूड कळते. जोड पण पाहा, लाकडात लाकूड बसवलं आहे का नुसता स्क्रू मारला. स्क्रूवाली दोन उन्हाळ्यात कुईकुई करते, कारण आपल्याकडे मे महिन्यात लाकूड सुकते अन् जुलैत फुगते. अन् वेत कोरडा पडला की तुटते, उन्हाळ्यात मधून मधून ओल्या फडक्यानं पुसा, बस.

निवृत्त_पीडब्ल्यूडी
कापडावरच सगळे अडकलेत. घरात वयस्कर माणसं आहेत का हे कोणी विचारलंच नाही. बसायची उंची साधारण ४३ ते ४५ सेंमी पाहिजे, हल्लीच्या फॅशनच्या लाऊंज चेअर ३६-३८ वर येतात, त्यात खोली जास्त, पाठ मागे कललेली. गुडघेदुखीवाल्या माणसाला त्यातून उठता येत नाही, हात धरून ओढावं लागतं. त्या गोल पिंपासारख्या बुक्लेवाल्यांना तर धड हातच नसतात, उठताना जोर द्यायचा कशावर? हात सीटच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले पाहिजेत. फिरती तर म्हाताऱ्यांसाठी अजिबात नको, उठायला जोर दिला की तीच गर्रकन फिरते. दुकानात टेप घेऊन जा, लोक काय म्हणतील ते म्हणू दे.

झाडू_पोछा_क्वीन
काका, वयस्करांसाठी सोफा आहे ना तिथे. प्रत्येक खुर्ची प्रत्येकासाठी कशाला हवी? संध्याकाळी पाय वर घेऊन, मोबाईल घेऊन पसरायला एक कोपरा पाहिजे असतो माणसाला, त्याला खोल आणि ठेंगणीच बरी पडते.

रेषा_आणि_रंधा
माझा वेगळाच मुद्दा आहे. चंदीगड चेअर घरात आरामासाठी कशाला घेताय? पिएर जाँनरे म्हणजे चंदीगड शहर आखणाऱ्या आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ, त्याने १९५० च्या दशकात चंदीगडच्या सरकारी इमारतींसाठी हे फर्निचर केलं, त्यातली ती व्ही आकाराच्या पायांची फेमस खुर्ची फायली घेऊन ताठ बसायची आहे, पसरायची नाही. पुढे तिथल्याच ऑफिसांनी भंगारात काढली, परदेशी लिलावात लाखांनी विकली गेली, मग २०११ मध्ये गृह मंत्रालयाने विक्रीला मनाई केली. आता जो तो कॉपी करतोय कारण फोटोत छान दिसते. आरामच पाहिजे तर वाकवलेल्या प्लायच्या फ्रेमची बघा, चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५६ मध्ये लाऊंज चेअर आणली त्यातही वाकवलेलं प्लायच आहे. फ्रेम हलकी आणि थोडी लवचिक असली की बसल्यावर अंगाला साथ देते, जाड फोमची गरज पडत नाही, आणि उन्हाळ्यात जाड फोम हाच खरा शत्रू, कापड नाही.

लकडगंजचा_पोट्टा
प्लाय बरोबर आहे, पण कूलरच्या तोंडासमोर नको ठेवू भाऊ. लोकल प्लायचे पापुद्रे सुटतात. साग तिथंच वर्षानुवर्षं उभा राह्यते.

तर्रीबाज
तुम्ही सगळे शहाणे, पण रविवारी सकाळी हॉलमधे तर्री पोहे खाल्ले जातात का नाही? क्रीम बुक्लेवर तर्रीचा एक थेंब पडू द्या मग सांगा. अन् रेक्झिन तर घेऊच नका, सस्तं पडते म्हणून लोक घेतात, उन्हाळ्यात पाठ चिकटते अन् मग पापडी सुटते.

मनीषनगरवाला
काकांचं उंचीचं पटलं, आई वर्षातून चार महिने आमच्याकडे असते. गादीवाल्या मुद्द्यावर मात्र ताई, पाठ तर मोकळी राहते ना, घाम पाठीलाच येतो. बजेट दोन्ही मिळून ३० हजार.

लकडगंजचा_पोट्टा
तीसमधे अस्सल सागाच्या दोन कठीण आहे. एकच घे, पण खरी घे, ओळखीच्या मिस्त्रीकडून बनवून. दुसरी पुढच्या दिवाळीत.

झाडू_पोछा_क्वीन
आणि तोवर हॉलमध्ये एकच खुर्ची? पाहुणे दोघं आले की एक उभा राहणार का? तीसमध्ये बुक्लेच्या दोन आरामात येतील, वर चहाचं स्टूल पण.