मूळ स्टिरिओ बदलताना गाडीचे कपलर कापावे का?

वाईचा प्रवासी

माझ्याकडे 2013 ची स्विफ्ट झेडएक्सआय आहे. कंपनीने बसवलेल्या स्टिरिओवर सीडी आणि यूएसबी चालते, पण ब्लूटूथ नाही, त्यामुळे आलेला फोन घ्यायचा किंवा नकाशा पाहायचा म्हटले की लक्ष रस्त्यावरून हटते. म्हणून ब्लूटूथ आणि पडदा असलेला बाहेरचा स्टिरिओ बसवण्याचा विचार आहे. दोन दुकानांत चौकशी केली. पहिल्या दुकानदाराच्या मते मूळ कपलर (स्टिरिओमागचा वायरींचा प्लग) कापून वायरी थेट जोडल्या की काम तासाभरात होते, मात्र स्टिअरिंगवरील बटणे बंद पडतील. दुसरा म्हणतो की वेगळे कपलर घेतल्यास काहीच कापावे लागत नाही. यांपैकी खरे काय? आणि खोक्यावर 4 × 50 वॅट लिहिलेला स्टिरिओ घेतला, तर गाडीतील मूळ स्पीकर फाटतील का?

तारजोड

कपलर कापू देऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या गाडीच्या मूळ कपलरमध्ये जसेच्या तसे बसणारे आणि दुसऱ्या टोकाला नव्या स्टिरिओचे कपलर असलेले तयार हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, मिळते. त्याची किंमत स्टिरिओच्या मानाने किरकोळ असते आणि उद्या गाडी विकताना मूळ स्टिरिओ पाच मिनिटांत परत लावता येतो. कापून पिळलेल्या आणि वरून टेप गुंडाळलेल्या जोडांचा खरा दोष पुढे उन्हाळ्यात दिसतो. उभ्या गाडीत डॅशबोर्डमागे इतकी उष्णता साठते की टेपचा गोंद सुटतो आणि जोड उघडा पडतो. स्टिरिओला बॅटरीकडून येणारी एक वायर चावी काढल्यावरही जिवंत असते, त्यामुळे तिचा जोड उघडा पडणे हा केवळ आवाज खरखरण्याचा प्रश्न राहत नाही.

नव्या स्टिरिओच्या वायरींचे रंग बहुतेक कंपन्या सारखेच ठेवतात. पिवळी कायम बॅटरीची, लाल चावी फिरवल्यावर चालू होणारी, काळी अर्थिंगची; पांढरी आणि करडी पुढच्या स्पीकरांची, हिरवी आणि जांभळी मागच्या, आणि त्यांच्या जोडीची काळ्या पट्ट्याची वायर ऋण. गाडीच्या बाजूचे रंग मात्र प्रत्येक निर्मात्याचे वेगळे असतात. म्हणून रंगावर विसंबून न राहता मल्टिमीटरने तपासून घेणारा कारागीरच निवडावा. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली, तर स्टिरिओ चालतो, पण चावी काढली की वेळ, रेडिओची स्थानके आणि इतर सेटिंग पुसली जातात. स्पीकरची ऋण वायर बॉडीला कधीही जोडू नये, कारण आजच्या स्टिरिओत स्पीकरची दोन्ही टोके ॲम्प्लिफायरच चालवतो आणि त्यातले एक अर्थिंगला जोडले, तर आतील आयसी (चिप) जळू शकते.

स्टिअरिंगच्या बटणांविषयी: अनेक गाड्यांत प्रत्येक बटणामागे वेगळ्या रोधाचा रेझिस्टर असतो. बटण दाबले की एकाच वायरीवरील व्होल्टेज बदलते आणि त्या बदलावरून स्टिरिओ आज्ञा ओळखतो. बहुतेक अँड्रॉइड स्टिरिओंना त्यासाठी स्वतंत्र वायर असते आणि मेनूत जाऊन एकेक बटण शिकवता येते. काही ब्रँडेड स्टिरिओंना मात्र मध्ये एक ॲडॉप्टर लागतो, तेव्हा पैसे देण्यापूर्वी त्याची किंमत विचारून घ्या. बटणे बंद पडतीलच, हे म्हणणे बरोबर नाही.

फ्रेमही आपल्याच मॉडेलची मागा. टू-डिन, म्हणजे दुप्पट उंचीच्या प्रमाणित आकाराच्या, स्टिरिओचे तोंड सुमारे 180 × 100 मिमी असते आणि आपल्या स्विफ्टचा मूळ स्टिरिओ डॅशबोर्डच्या आकाराप्रमाणे घडवलेला असल्यामुळे, फ्रेमशिवाय भोवती फट राहते.

ध्वनिवेध

स्पीकरची काळजी करू नका, खोक्यावरचा आकडा क्षणिक कमाल दाखवतो. गाडी चालू असताना स्टिरिओला सुमारे 14.4 व्होल्ट मिळतात. त्यातून स्पीकरपर्यंत फार तर 13 व्होल्टचे शिखर पोहोचते आणि 4 ओहमच्या स्पीकरवर त्याचे गणित जवळपास 21 वॅट येते. वेगळा ॲम्प्लिफायर न लावता कोणताही स्टिरिओ याच्या फार पलीकडे जात नाही, मग खोक्यावर काहीही छापलेले असो. स्पीकर बहुधा बिघडतो तो आवाज शेवटपर्यंत वाढवून लहरींचे माथे कापले जाऊ लागतात तेव्हा. आधी स्टिरिओ बदला, महिनाभर ऐका आणि तरीही समाधान झाले नाही, तर फक्त पुढचे दोन स्पीकर बदला. ऐकणारे बहुतेक वेळ पुढेच बसतात.

घाटवाट

दोन गोष्टी वर आल्या नाहीत. काही गाड्यांत अँटेनाच्या बुडाशी छोटा ॲम्प्लिफायर असतो आणि त्याला मूळ स्टिरिओकडून वीज मिळत असते. अशा गाडीत नव्या स्टिरिओची निळी वायर जोडायची राहिली, तर शहरात रेडिओ लागतो, पण बाहेर पडताच खरखर सुरू होते आणि दोष नाहक नव्या स्टिरिओला दिला जातो.

दुसरी गोष्ट बॅटरीची. चावी काढल्यावरही काही स्वस्त अँड्रॉइड स्टिरिओ पूर्ण झोपत नाहीत. समजा, असा स्टिरिओ 250 मिलिॲम्पिअर खात राहिला, तर दिवसाला 6 ॲम्पिअर-तास जातात. 35 ॲम्पिअर-तासाची बॅटरी असेल, तर तीन-चार दिवस उभी राहिलेली गाडी चालू होणे कठीण होते. स्टिरिओ बसवल्यावर बॅटरीच्या ऋण टोकाची वायर सोडवून मधे मल्टिमीटर मालिकेत लावून, गाडी अर्धा तास बंद ठेवून प्रवाह मोजून घ्या. तो 50 मिलिॲम्पिअरच्या आत असावा. मीटर लावलेला असताना स्टार्टर मात्र फिरवू नये, कारण तो प्रवाह मीटरला झेपत नाही.

वाईचा प्रवासी

सर्वांचा आभारी आहे. कपलरसहित बसवून देणाऱ्या दुकानाकडेच काम देत आहे. त्यांनी मागचा कॅमेराही सुचवला आहे. त्याची वायरिंग कुठून घ्यावी? तसेच, गाडी चालू असताना पडद्यावर व्हिडिओ दिसावा म्हणून एक वायर परस्पर अर्थ करून देऊ, असेही ते म्हणाले.

तारजोड

कॅमेऱ्याला वीज मागील रिव्हर्स दिव्यापासून घेतात. तिथूनच एक बारीक वायर स्टिरिओच्या रिव्हर्स इनपुटला आणली की गिअर पडताच पडदा आपोआप कॅमेऱ्यावर जातो. केबल डिकीच्या बिजागरापाशी वाकते, तिथे रबरी नळीतूनच न्यायला सांगा, नाहीतर उघडझाप होऊन ती आतून तुटते. व्हिडिओची ती वायर मात्र हँडब्रेकच्या स्विचलाच जोडून घ्या. ती परस्पर अर्थ केली, तर धावत्या गाडीत चालकासमोर चित्रपट चालू राहू शकतो, आणि आपण तर रस्त्यावरून लक्ष हटू नये म्हणूनच हा स्टिरिओ बसवत आहात. नकाशा, फोन आणि गाणी यांना त्या वायरीची अडचण सहसा येत नाही.