मार्करला 'जनुक' म्हणायचं का?

गायीम्हशींच्या पैदाशीवरचा एक लेख मराठीत करतेय, त्यात 'जेनेटिक मार्कर' पावलोपावली येतो. चिन्हक, दर्शक, खूण असं सगळं वाचलंय आणि एके ठिकाणी तर सरळ 'जनुक' लिहिलेलं होतं. नक्की काय वापरू? आणि मॅपिंगला, म्हणजे गुणसूत्रावर कोण कुठे आहे ते शोधण्याला?

- 'जनुक' कृपा करून नको, अर्थच बदलतो. मार्कर म्हणजे डीएनएमधली अशी जागा जिथे एका जनावरात आणि दुसऱ्यात फरक असतो आणि तो टेस्टमध्ये पकडता येतो, बस. त्या जागेने स्वतः काही काम केलंच पाहिजे असं नाही, पण गुणसूत्रावर शेजारीच असलेलं जनुक आणि ती जागा बहुतेक वेळा जोडीनेच वासरात उतरतात, म्हणून मार्कर बघून जनुकाचा अंदाज येतो. गायीच्या 14 नंबरच्या गुणसूत्राचंच घ्या, दुधातल्या फॅटवर परिणाम करणारं काहीतरी तिथे आहे हे आधी मार्करवरून कळलं, डीजीएटी1 हे जनुक हाती लागलं ते नंतर. दोन्हीला जनुक म्हटलंत तर ही गोष्ट सांगताच येणार नाही. माझं मत 'जनुकीय खूण'. दर्शक म्हटलं की बघणारा माणूस डोळ्यापुढे येतो.

- खूण चांगलाय. मॅपिंगला मात्र एकच शब्द पुरणार नाही कारण कामं दोन आहेत. एकात पिढ्यांचा हिशोब बघतात, दोन खुणा किती वेळा एकमेकींपासून सुटतात ते, शंभरात सरासरी एकदा सुटल्या तर अंतर 1 सेंटिमॉर्गन. तिथे 'सहलग्नता नकाशा' ठीक. दुसऱ्यात चमकणारा डीएनएचा तुकडा खऱ्या गुणसूत्रावर चिकटवून मायक्रोस्कोपखाली तो कुठे उजळतो ते बघतात, तिथे सरळ 'जागा निश्चित करणे' लिहा. गायीत हे फार किचकट, 60 गुणसूत्रं आणि एक्स-वाय सोडले तर 29च्या 29 जोड्या एकाच घडणीच्या, उतरत्या लांबीच्या काड्या, त्यामुळे रंग देऊन त्यांच्यावरचे आडवे पट्टे उठवल्याशिवाय हे कितवं गुणसूत्र ते ओळखूच येत नाही. डुकराची 38च असतात आणि आकार वेगवेगळे, तिथे बरंच सोपं जातं.

- वरच्या दोघांशी सहमत, फक्त फॅटवर परिणाम करणारा डीजीएटी1च्या आतलाच बदल तपासत असाल तर खूण शेजारी नसते, जनुकातच असते, तेव्हा 'जनुकातली खूण' असं वेगळं लिहा.