पोटच्या मुलाला 'बाबा' म्हणणारी आई : इनुइट कशामुळे टिकले?

कोयनाकाठ : उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या इनुइटांचा विषय निघाला की गाडी इग्लू आणि सीलच्या मांसापाशी अडते. माझ्या मते त्या थंडीत ते टिकले ते नाव ठेवायच्या चालीमुळे. घरातलं कुणी वारलं की त्याचं नाव पुढच्या बाळाला देतात, आणि नावाबरोबर नातंही येतं. मुलाला आईच्या वडिलांचं नाव मिळालं, तर आई त्याला 'अताता', म्हणजे बाबा म्हणते. मुलीला आजोबांचं नाव मिळालं, तर काही भागांत तिला मुलाचे कपडे घालून शिकारही शिकवत. गेलेल्याची भावंडं, मुलं सगळी त्या तान्ह्याला आपलं मानत. शिकार हुकली तर कुणाच्या दारात जायचं, हे पाळण्यातच ठरलेलं.

मुलांवर सहसा ओरडत नाहीत, त्यामागेही हेच एक कारण. माझ्या थोरल्या भावाला आजोबांचं नाव आहे. आजीने त्याला जन्मभर नावाने हाक मारली नाही. वडिलांनी हात उगारला की ती मध्ये पडायची, "अरे, बापाला मारतोस?" म्हणून इनुइटांची ही चाल मला परकी वाटतच नाही.

निशिगंध : चित्र फार गोड रंगवलंय. १९२३ मध्ये डॅनिश संशोधक रासमुसेन नेत्सिलिक या कॅनडातल्या इनुइट गटामध्ये होता. एका वस्तीत त्याने १८ बायकांना विचारलं : ९६ बाळंतपणं, त्यांतल्या ३८ मुली जन्मताच मारलेल्या. मुलगी अंगावर पिते तोवर दुसरं मूल होत नाही आणि शिकारीला मुलगा हवा, हा हिशेब. नात्याचा ओलावा तेव्हा कुठे होता?

कोयनाकाठ : आकडा मान्य आहे, आणि तो वाचून पोटात कालवतं. पण त्याच नेत्सिलिकांत बाळाला एकदा नाव दिलं की त्याला मारत नसत. नावात गेलेल्या माणसाचा जीव असतो, तो कोपेल, ही भीती. नाव मिळालेली मुलगी वाचायची. मी म्हणतो ते हेच.

दर्यावर्दी : थंडीइतकंच सरकारनेही छळलं, ते कुणी बोलत नाही. नावं अधिकाऱ्यांना उच्चारता येईनात, आडनावं नव्हती, म्हणून १९४० च्या दशकात कॅनडाने माणसागणिक नंबराची चकती दिली, गळ्यात बांधायला. १९५३ मध्ये क्वेबेकच्या उत्तर भागातल्या इनुक्जुआक गावची कुटुंबं उचलून सुमारे २,००० किलोमीटर उत्तरेला रेझोल्यूट आणि ग्रीस फिओर्डला नेली. सगळे एकत्र राहाल असं सांगितलं, आणि जहाजावरच ताटातूट केली. माफी आली २०१० मध्ये.

निशिगंध : मग हेच उदाहरण घ्या. ग्रीस फिओर्डला हिवाळ्यात तीन महिन्यांहून जास्त सूर्य दिसत नाही. इनुक्जुआकवाल्यांना अशा काळोखाची सवय नव्हती. तो काळोख ओळखणारी, उत्तरेकडच्याच पाँड इनलेट गावची इनुइट कुटुंबं सोबत दिली होती. ती ना नात्याची, ना त्यांच्या बोलीची. तिथे जगवलं ते माहितीने. तुमच्या 'अताता'ने एक सील तरी मिळाला का?

कोयनाकाठ : सील माहितीने मिळाला, कबूल. पण माहिती मिळूनही ती माणसं वर्षानुवर्षं एकच मागत राहिली : आम्हाला आमच्या माणसांत न्या. दोन वर्षांत परत आणू म्हणाले होते. सरकारी खर्चाने परतायला १९८० चं दशक सरत आलं. तोवर ज्यांच्याकडे परतायचं, त्यांतले कितीतरी नावापुरते उरले होते, कुणाच्या तरी तान्ह्या बाळात.

निशिगंध : हे वाचून गलबललं. तरी भुकेच्या हिशेबावरचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही.