अल्फा फॅक्टर टाकूनही काही यीस्ट थांबत का नाहीत?

मायक्रोवाली: एमएस्सीचं प्रॅक्टिकल चालूय, बेकर्स यीस्ट, मेटिंग टाइप ए (यीस्टच्या दोन 'लिंगां'पैकी एक). अल्फा फॅक्टर, म्हणजे दुसऱ्या टाइपचा फेरोमोन (जोडी जमवायचा सिग्नल, याने पेशी विभाजन थांबवते), टाकून अर्ध्या तासाने स्लाइड बघितली तर काही पेशी गप्प बसल्यात पण ज्यांना आधीच बारीकसं बड (नव्या पेशीचा कोंब) आलं होतं त्या खुशाल वाढतायत. फेरोमोन तर सगळ्यांनाच मिळालं ना? सर म्हणाले 'स्टार्ट' नावाचा टप्पा वाच, वाचलं, सगळं डोक्यावरून गेलं.

पेट्रीडिश: बड आलं म्हणजे ती पेशी स्टार्टच्या पलीकडे गेली, म्हणजे आता माघार नाही, हे विभाजन पुरं करूनच पुढच्या जी-वनला (डीएनए कॉपी होण्याआधीचा टप्पा) थांबणार. दीड-दोन तासांनी परत बघ, टोक निघालेल्या पेशी, म्हणजे श्मू, दिसतील. लेलंड हार्टवेल या शास्त्रज्ञानेही बडचा आकार बघूनच विभाजन अडकलेले म्युटंट पकडले होते, सीडीसी२८ (विभाजन पुढे नेणाऱ्या, फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमचं जीन) बंद पडलं की पेशी स्टार्टलाच अडकते. २००१ चं नोबेल त्यातलंच. आणि स्ट्रेनमध्ये बार१ आहे का ते विचार, तो एन्झाइम अल्फा फॅक्टर खाऊन टाकतो, मग थांबलेल्यासुद्धा परत सुरू होतात.

जीवन_ते_एस: खरी गंमत व्हाय५ मध्ये आहे. हा प्रोटीन जी-वनमध्ये एसबीएफला (जीन चालू करणारा प्रोटीन) दाबून धरतो त्यामुळे पुढचे जीन चालू होत नाहीत. सीएलएन३ हा सायक्लिन (सीडीसी२८ला कामाला लावणारा प्रोटीन) सीडीसी२८ला घेऊन सुरुवात करतो, जरा एसबीएफ मोकळा झाला की सीएलएन१ आणि २ बनायला लागतात आणि ते व्हाय५ला आणखी फॉस्फेट लावून न्यूक्लियसच्या बाहेर काढतात, म्हणजे अजून सीएलएन, अजून व्हाय५ बाहेर, उतारावर सुटलेली गाडीच. २०११ मध्ये एकेक पेशी मायक्रोस्कोपखाली बघून मोजलं तर साधारण निम्मा व्हाय५ बाहेर पडला की पेशी फेरोमोनला जुमानत नाही. कारण फेरोमोनचा ब्रेक म्हणजे एफएआर१, आणि सीएलएन वाढले की ते त्या ब्रेकलाच फॉस्फेट लावून नष्ट करायला लावतात. तुझ्या बडवाल्या पेशींना सिग्नल मिळतोय गं, ब्रेकच उरला नाहीये.

मायक्रोवाली: आत्ता कळलं! मग लहान डॉटर पेशी (बडमधून सुटी झालेली) जास्त वेळ का थांबते, सीएलएन३ कमी म्हणून?

जीवन_ते_एस: २०१५ चा एक पेपर म्हणतो पेशी वाढते तसा व्हाय५ पातळ होतो आणि मग सीएलएन३ला जमतं. नंतर काही लॅबना हे पातळ होणं दिसलंच नाही, वाद चालूय. व्हायव्हात डायल्यूशन "सिद्ध झालंय" असं ठोकून देऊ नकोस.