एरॉल मॉरिस आणि रामकुंडावरचे आजोबा

पंचवटीकर: रामकुंडावर दोरीला चुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणाऱ्या एका आजोबांवर मी माहितीपट करीत आहे, परंतु कॅमेरा सुरू होताच ते ताठ बसतात आणि ‘देवाच्या कृपेने बरे चालले आहे’ यापलीकडे काही बोलत नाहीत. जगावेगळ्या माणसांवरच कारकीर्द उभी करणारे अमेरिकी माहितीपटकार एरॉल मॉरिस हे कसे साधतात?

गोदाकाठ: मॉरिस यांचा १९७८ सालचा पहिलाच माहितीपट पाळीव प्राण्यांच्या दफनभूमीवर होता. मधल्या काळात त्यांनी खासगी गुप्तहेराची नोकरीही केली, आणि ती चिकाटी ‘द थिन ब्लू लाइन’मध्ये (१९८८) दिसते, त्या माहितीपटामुळे खटला पुन्हा चर्चेत आला आणि खुनाच्या आरोपात अडकलेला निरपराध माणूस १९८९ मध्ये सुटला. पुढे त्यांनी भिंगासमोरच्या काचेवर स्वतःचा चेहरा दिसेल अशी योजना केली, त्यामुळे बोलणारा माणूस यंत्राकडे नव्हे, तर माणसाकडे पाहून बोलतो.

सिडकोवासी: एवढी यंत्रणा कशाला? आजोबांना प्रश्न विचारू नका, चुंबकाची गाठ कशी मारतात ते दाखवायला सांगा. हात कामात गुंतले की जीभ आपोआप सैल होते.

पंचवटीकर: उद्या पहाटेच जातो.