तेलाचा महसूल म्हणे संशोधनातून भरून निघणार! (कोकण, पुन्हा एकदा)

सडेकर (धागाकर्ता)

आमच्या तालुक्याच्या गटावर एक लेख फिरतोय. सारांश असा, की बारसूला रिफायनरी नको, त्याऐवजी कोकणात स्वच्छ ऊर्जेचं भव्य संशोधन केंद्र उभारा. रिफायनरीतून जो महसूल आला असता तो तिथले शोध, पेटंटं आणि नवउद्योग भरून काढतील. दाखला अबुधाबीच्या मसदरचा, म्हणजे तिथल्या सरकारी स्वच्छ ऊर्जा कंपनीचा. खाली अंगठ्यांचा पाऊस. मी स्वतः रिफायनरीच्या विरोधातला, तरी वाचून डोकं फिरलं. तिकडे लिहिलं तर 'कंपनीचा माणूस' ठरेन, म्हणून इथे लिहितोय.

जो महसूल 'भरून काढायचा' तो कोकणाला मिळत होता कधी? मुंबई हायला तेल लागलं १९७४ साली, १९७६ पासून ते निघतंय, पाइप आपल्या उरणला येतात. जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी आसाम-गुजरातला मिळते. समुद्रातल्या तेलाची केंद्राकडे जाते. पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट राज्याला मिळतो, पण तो पंपावर आपणच भरतो. विजेवरचं शुल्क मंत्रालयात जातं. गावाच्या वाट्याला ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि गेटवरच्या नोकऱ्या. उलट आपल्या मच्छीमार सोसायट्या डिझेलच्या थकलेल्या परताव्यासाठी हेलपाटे घालतायत. जे खात्यात जमाच नव्हतं ते भरून काय काढणार?

आता मसदर. २००६ साली सुरू झालं ते तेलाच्याच पैशावर. आणि त्याच अबुधाबीची सरकारी तेल कंपनी ॲडनॉक २०१८ मध्ये सौदी अरामकोच्या जोडीने आपल्या नाणारच्या रिफायनरीत (बारसूच्या आधी ती तिथे व्हायची होती) भागीदारीला आली होती, हे लेखकाला ठाऊक नसावं किंवा सोयीचं नसावं. तेल विकून प्रयोगशाळा बांधता येते. प्रयोगशाळा चालवून तेलाएवढे पैसे अजून त्यांनाही सुटलेले नाहीत.

घराजवळचं उदाहरण हवं तर केरळात विझिंजमला १९९१ साली लाटांवर वीज करणारा संच बसवला होता, १५० किलोवॉटचा. मद्रास आयआयटीची माणसं, उत्तम काम, अभ्यास झाला. पण संच बंद पडला. त्यातून केरळच्या तिजोरीत काय पडलं ते विचारू नका.

केंद्र हवंच. पण ते खर्च म्हणून मागा. कमाई म्हणून मागाल तर पाच-सात वर्षांनी कोणीतरी हिशेब विचारेल, आपल्याकडे उत्तर नसेल, आणि तीच वर्षाला ६ कोटी टनांच्या रिफायनरीची फाइल पुन्हा टेबलावर येईल. विरोधकांनी स्वतःच्या हाताने तिला वाट करून दिलेली असेल.

गुहागरी

महसूल म्हणजे मंत्रालयात जमा होतो तेवढाच का हो? आमच्या दाभोळच्या एन्रॉन वीजप्रकल्पाचं सगळं रामायण मला पाठ आहे. ९२ चा करार, ९५ ला रद्द, ९६ ला पुन्हा, ९९ ला पहिला टप्पा सुरू, २००१ ला वीज मंडळाला दर झेपेना म्हणून वीज घेणं बंद, आणि डिसेंबरात तिकडे अमेरिकेत कंपनीचं दिवाळं. सगळं मान्य. पण काम चालू होतं तेव्हा शृंगारतळीला भाड्याने खोली मिळत नव्हती. आमच्या वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून मागल्या दारी खोल्या चढवल्या. आंध्रचे इंजिनिअर राहायचे. आई त्यांना रोज सांबार करून करून कंटाळली, पण पहिल्यांदा तिच्या हातात तिचे पैसे आले. तुमच्या हिशेबात ही रक्कम कुठल्या रकान्यात येते?

संशोधन केंद्रात कोण लागणार? बाहेरचे पीएचडीवाले. आमच्या आयटीआयच्या पोरांना तिथे झाडू. रिफायनरीत निदान वेल्डर तरी लागले असते.

सडेकर

आणि आता त्या खोल्यांत काय आहे?

गुहागरी

सुपारी वाळत घालतो. हसा. कर्ज फिटलं पण.

विद्युतदाब

धागाकर्ते अर्धंच सांगतायत. मसदर आता कित्येक देशांत पवन आणि सौर प्रकल्प चालवणारी कंपनी आहे. विझिंजमची गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवर २००३ साली समुद्री ऊर्जेचं चाचणी केंद्र निघालं. तिथे जगभरच्या कंपन्या स्वतःची यंत्रं आणून, पैसे मोजून पाण्यात उतरवतात. तिथली वस्ती आपल्या एखाद्या लहान तालुक्याहूनही कमी असेल.

कोकणात याला खास कारण आहे. जून ते सप्टेंबर इथे सौर पॅनेल जवळजवळ झोपतात. नेमकं त्याच महिन्यांत समुद्र उसळलेला असतो. जी वीज उन्हाची नाही ती लाटांची, यावर आपल्याइतका नैसर्गिक अभ्यास कुठे होईल?

आणि दुसरं, रोजचं. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे किती आठवडे वीज नव्हती, आठवतंय? खाऱ्या हवेने खांबावर तारा पेलणाऱ्या इन्सुलेटरवर मीठ चढतं, पहिल्या दमट रात्री ठिणग्या उडतात, फीडर (गावांना वीज नेणारी लाइन) जातो. लाइनमन फडक्याने पुसतो. यावर काम करायला कोकणात एक प्रयोगशाळा नाही. मी हेच शिकलो आणि पोटासाठी पुण्यात बसलोय.

सडेकर

मसदर कंपनी म्हणून वाढली ती सरकारी भांडवलावर. त्यांची संशोधन संस्था २०१७ मध्ये खलिफा विद्यापीठात विलीन झाली. म्हणजे कमावणारा भाग वेगळा आणि शिकवणारा वेगळा. माझं म्हणणं दुसरं काय आहे?

लाटांचं गणित कागदावर छान दिसतं. पण पावसाळ्यात राज्याची विजेची मागणीच उतरते. शेतीपंप बंद, एसी बंद, आणि धरणंही तेव्हाच भरतात. तुमची लाटांची वीज नेमकी तेव्हा येणार जेव्हा कोणाला नको. वर त्या समुद्रात यंत्र टिकवायचं. दाभोळच्या एलएनजी (द्रवरूप गॅस) जेट्टीवर लाटा अडवणारी भिंत अपुरी म्हणून वर्षानुवर्षं पावसाळ्यात जहाज लागत नव्हतं. तिथे तुम्ही तरंगती यंत्रं सोडणार!

समुद्री वाऱ्याचं म्हणाल तर २०२४ मध्ये केंद्राने ७,४५३ कोटींची योजना केली. ५०० मेगावॉट गुजरात, ५०० तमिळनाडू. आपण मधल्या मधे.

इन्सुलेटरचा मुद्दा मात्र चांगला आहे. लेखात तो असता तर मी हा धागा काढलाच नसता.

खाडीपलीकडे

तुमची पेटंटं राहू द्या बाजूला. माझ्या आंब्याच्या कलमांवर दरसाल काळं चढतं त्याचं बोला. खाडीच्या पलीकडे कोळशाच्या वीजकेंद्राची चिमणी उभी राहिल्यापासून मोहरावर बोट फिरवलं की बोट काळं. आधी दोन-तीन फवारण्यांत भागायचं, आता हिशेब ठेवणं सोडून दिलंय. हा तुमच्या स्वस्त कोळशाचा महसूल, आणि तो आम्ही भरतोय. पानं न्यायला माणसं आली होती, पिशव्यांवर नंबर घालून घेऊन गेली. कागद आजतागायत दाखवला नाही.

मालवणी_मसालो

बाबानू, ता काळा म्हणजे कोळसो न्हय. तुडतुड्याच्या चिकट्यार बुरशी चढता, ती काळी. आमच्या देवगडात एक तरी चिमणी दाखव. तरी मोहर काळो पडताच. ढगाळ हवा आणि वेळेर फवारणी नाय, दुसरा काय नाय.

खाडीपलीकडे

तुडतुडा मला शिकवू नका. आजोबांपासून बागा आहेत. तुडतुडा तेव्हाही होता, काळं इतकं नव्हतं.

मालवणी_मसालो

तेव्हा फुलकिडे पण इतके नव्हते. मगे फुलकिडे पण चिमणीतसून इले काय? एक करा. काळा पान सुकू दे आणि नखान खरवडा. बुरशी असली तर पापुद्रो सुटता, खाली पान हिरवागार. भुकटी असली तर पुसली जाता, पापुद्रो सुटना नाय.

खाडीपलीकडे

दोन्ही होतं. पापुद्राही सुटतो आणि कापसाने पुसलं की कापूसही काळा होतो. आता बोला.

विद्युतदाब

चिमणीतून येते ती राख, आणि ती करडी असते. काळी भुकटी असेल तर ती चिमणीची नाही, कोळसा उतरवताना आणि ढिगाऱ्यावरून उडणारी. वाऱ्याची दिशा, जहाज लागल्याची तारीख आणि पानावरची भुकटी अशी तिन्ही जुळवली की वर्षभरात निकाल लागेल. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे आणि कोळशाचे कण वेगळे ओळखू येतात, त्यात वादाला जागा नाही.

खाडीपलीकडे

म्हणजे चिमणी सुटली निर्दोष? वा! पुण्यात बसून पानं तपासा.

डोंबिवलीकर_मूळ_राजापूर

सगळे मूळ मुद्दा विसरलात. कोकणाला ना कोळसा हवा, ना अणुभट्टी, ना रिफायनरी, ना तुमचं केंद्र. बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. 'पडीक' म्हणून तिथे उद्या सौर पॅनेल अंथराल. आहे तसं राहू द्या कोकण.

गुहागरी

आलेच चाकरमानी. गणपतीला पाच दिवस, शिमग्याला पालखी नाचवायला दोन दिवस, आणि उरलेलं वर्ष आम्ही 'आहे तसं' राहायचं! तुमच्या डोंबिवलीत पंखा कशावर फिरतो? कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीत पडतं, वीज घाटावर आणि मुंबईला, आणि २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली. ते 'आहे तसं'च का?

डोंबिवलीकर_मूळ_राजापूर

चिपळूणच्या पुराला पाऊस, भरती, गाळ अशी दहा कारणं आहेत. आणि माझ्या नावावर सातबारा आहे, बोलायचा हक्क आहे.

गुहागरी

सामायिक सातबारा ना? वर चाळीस नावं, त्यातली निम्मी देवाघरी, उरलेली ठाणे जिल्ह्यात. कलमाला खड्डा मारायचा तर सह्या गोळा करायला दिवा पॅसेंजर पकडायची. नाणारच्या जमिनी बाहेरच्यांच्या नावावर गेल्या तेव्हा सह्या कोणाच्या होत्या? गावात राहणाऱ्यांच्या की मुंबईच्या भावांच्या?

डोंबिवलीकर_मूळ_राजापूर

माझ्या घरातल्या कोणी विकलेली नाही. पुराव्याशिवाय बोलू नका. आणि एप्रिल २०२३ मध्ये मातीपरीक्षणाच्या वेळी पोलिसांसमोर कोण आडवं झालं? रजा टाकून आलो होतो मी. तुम्ही कुठे होतात, सुपारी सोलत?

गुहागरी

हो, सोलत होतो. सुपारी रजा घेत नाही.

मालवणी_मसालो

ह्या झकास झाला. आता दोघांनी आंब्यार येवा.

विद्युतदाब

धाग्याला फाटे फुटलेच आहेत तर एक विचारतो. 'संशोधनातून पैसा येत नाही' म्हणणाऱ्यांनी कधी काजूची बाग पाहिली आहे का? वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही कलमं कुठून आली? वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून. त्या केंद्राने सरकारला किती मिळवून दिलं असेल? नगण्य. पण सावंतवाडी-दोडामार्गपासून चंदगडपर्यंत त्या कलमांवर घरं उभी राहिली. गुहागरीकाकांच्या आईच्या हातातला पैसा ज्या रकान्यात येतो, त्याच रकान्यात हाही. फक्त कंपनी बुडाली म्हणून हा बुडत नाही.

सडेकर

चला, या एका वाक्यासाठी शंभर प्रतिसाद सहन केले असते. पण हे तुमचं म्हणणं झालं, लेखाचं नाही. लेखात काजू नाही, इन्सुलेटर नाही, लाइनमन नाही. आहे ते 'जागतिक दर्जाचं हब' आणि काचेच्या इमारतीचं चित्र. कलम द्यायला वेंगुर्ल्याने काचेची इमारत बांधली नव्हती.

आणि सगळेच शोध काजूच्या कलमांसारखे निघत नाहीत. त्याच वेंगुर्ल्याच्या केंद्राचा 'रत्ना' आंबा १९८१ चा, नीलम आणि हापूसचा संकर, दरवर्षी धरतो, साकाही (गरातला पांढरट खराब भाग) होत नाही. वाशीच्या बाजारात कोण विचारतं?

खाडीपलीकडे

रत्नाला नावं ठेवू नका. माझ्याकडे आहेत. घरी खायला हापूसपेक्षा बरा. पेटीवर मात्र हापूसच लिहावं लागतं.

मालवणी_मसालो

म्हणजे तुमीच भेसळ करतास!

खाडीपलीकडे

पेटीत हापूसच भरतो हो, रत्ना घरात खातो. वाचता येतं ना?

गुहागरी

काजूचं मान्य करतो, नाइलाज आहे, मेव्हण्याने त्यावर बोलेरो घेतली. पण काजूला पोरगं बारावी नापास चालतं. तुमच्या स्वच्छ ऊर्जेला चालेल? २०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजनला (स्वच्छ विजेवर पाण्यापासून काढलेल्या) १९,७४४ कोटी ठेवले, राज्याने धोरण काढलं, आमच्या आयटीआयमध्ये अजून डिझेल मेकॅनिकचाच वर्ग भरतो. आधी तिथला मास्तर बदला, मग हब.

विद्युतदाब

सहमत. लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ चं आहे, रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीत कृषी विद्यापीठ. नवीन इमारत न बांधता या तिघांना एकेक काम वाटून द्या. लोणेऱ्याला खारी हवा आणि फीडर, रत्नागिरीला बोटींची इंजिनं आणि बर्फाचे कारखाने, दापोलीला काजूच्या बोंडांचा गॅस. बोंडं अशीही बागेत कुजतात.

डोंबिवलीकर_मूळ_राजापूर

बोंडं कुजतात कारण उत्पादन शुल्कवाले उर्राक (बोंडांची दारू) गाळू देत नाहीत. गोव्याला चालतं, बांद्याच्या अलीकडे गुन्हा.

मालवणी_मसालो

पयल्यांदा कामाचा बोललंस.

खाडीपलीकडे

गॅस करा नाहीतर उर्राक. विद्युतदाब, तुमचा सूक्ष्मदर्शक खरा असेल तर यंदा मोहर आल्यावर पानं पाठवतो. दोन पिशव्या, एक खाडीकडच्या कलमांची, एक डोंगराआडची. पण निकाल इथेच सगळ्यांसमोर टाकायचा, आणि त्या मालवणीने मधे बोलायचं नाही.

मालवणी_मसालो

फवारणीच्या आधीची पाठव रे. नायतर औषधाचो डाग बघून ह्यो पुणेकर तिसराच कायतरी सांगात.