ब्लॅक कॅव्हियरच्या २५ विजयांचे मोल

दौडवेडा
परवा येथे वजनकाटा यांनी लिहिले की, ब्लॅक कॅव्हियर या ऑस्ट्रेलियन घोडीचे २५ पैकी २५ विजय ही घरच्या मैदानांवर, छोट्या पल्ल्यात, दुबळ्या घोड्यांविरुद्ध जमवलेली बेरीज आहे आणि इंग्लंडमधल्या अ‍ॅस्कॉटला तिचे खरे माप निघाले. हे वाचून गप्प बसवले नाही. ज्या 'हे लिस्ट' या घोड्याला तुम्ही दुबळा म्हणता, त्याने ती रिंगणात नसताना २०१२ ची मेलबर्नची न्यूमार्केट हँडिकॅप ही शर्यत जिंकली. ती समोर असली की मात्र तो प्रत्येक वेळी मागे राहिला. त्याच्या आदल्या वर्षी तिने हीच शर्यत ५८ किलो पाठीवर घेऊन १ मिनिट ७.३६ सेकंदांत मारली होती. हँडिकॅपमध्ये चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवतात, ते सगळ्यांना संधी मिळावी म्हणूनच. तरीही ती पुढेच राहिली.

वजनकाटा
वजनाचा विषय आपणच काढलात, तर पूर्ण मांडा. तिचे बहुतेक मोठे विजय ठरावीक वजनाच्या शर्यतींतले आहेत, आणि तिथे ऑस्ट्रेलियात मादीला दोन किलोंची सवलत मिळते. अ‍ॅस्कॉटलाही तीन पौंडांची होती. शिवाय १४०० मीटरच्या पुढे ती एकदाही धावली नाही. जून २०१२ च्या त्याच आठवड्यात, त्याच अ‍ॅस्कॉटवर, फ्रँकेल या घोड्याने क्वीन अ‍ॅन स्टेक्स ही शर्यत घोड्याच्या ११ लांबींनी जिंकली आणि ही घोडी मूनलाइट क्लाउड या घोडीला जेमतेम डोक्याच्या फरकाने हरवू शकली. डोळ्यांना जे दिसले, ते मी लिहिले.

यारातीरी
अ‍ॅस्कॉटच्या त्या शर्यतीच्या रात्री मी मेलबर्नच्या फेडरेशन स्क्वेअरमध्ये मोठ्या पडद्यासमोर उभा होतो. घड्याळात पाऊण वाजला होता, हाडे गोठवणारी थंडी होती, आणि ज्या लोकांनी आयुष्यात कधी रेसचे तिकीट काढले नसेल त्यांच्याही गळ्यात तिच्या जॉकीच्या पोशाखाच्या रंगाचे, काळ्या ठिपक्यांचे मफलर होते. शेवटच्या काही ढांगांत तिचा जॉकी ल्यूक नोलेन याने हात सैल सोडले आणि शेजारच्या आजींनी माझे मनगट असे दाबले की दुसऱ्या दिवशीही दुखत होते. चूक त्याची होती आणि ती त्याने कबूल केली. नंतरच्या तपासणीत तिच्या मांडीचे स्नायू फाटल्याचे निघाले. फाटलेल्या पायाने ती घराबाहेर, जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन जिंकली, आणि आपण तिला फरकाचे गणित ऐकवता? मूनलाइट क्लाउडही कोणी ऐरीगैरी नव्हती; तिने मोरीस द गीस्ट ही शर्यत लागोपाठ तीन वर्षे जिंकली आहे.

वजनकाटा
दुखापतीची सहानुभूती मलाही आहे, पण सहानुभूतीने लांबी वाढत नाही. न्यूमार्केट हँडिकॅपचा मुद्दा मात्र मान्य करतो, कारण तिथे ती सवलत लागू नव्हती. तेवढ्या एका शर्यतीपुरते माझे विधान मागे घेतो.

मोतद्दाराचा मुलगा
तुम्ही दोघे लांबी आणि किलो मोजत बसला आहात. माझे वडील पुण्याला तबेल्यात मोतद्दार होते, म्हणून मला वेगळेच बोलायचे आहे. एप्रिल २०१३ मध्ये सिडनीच्या रँडविकला टी. जे. स्मिथ ही शर्यत जिंकून ती निवृत्त झाली, आणि तेव्हापासून तिच्याकडून पिल्ले घेणे सुरू झाले. त्यातले एकही तिच्या पंगतीला बसले नाही. १७ ऑगस्ट २०२४ रोजी, अठरावा वाढदिवस एका दिवसावर असताना, विणीनंतर उद्भवलेल्या लॅमिनायटिसने, म्हणजे खुरांच्या आतल्या दाहाने, ती गेली. हा आजार मी पाहिला आहे. खूर हाताला तापलेला लागतो, घोडी पुढचे पाय लांब टाकून सगळा भार मागे घेते, आणि एक पाऊल टाकायचे तरी अंग थरथरते. वडील रात्रभर गार पाण्याच्या घमेल्यात अशा घोडीचे पाय धरून बसत. २५ विजय दिलेल्या जनावराला शेवटी एवढे तरी सुख द्यायला नको होते का?

दौडवेडा
हा विषय वेगळा आहे, आणि तिच्या मृत्यूचा ठपका पैदाशीवर ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार? पशुवैद्य तिथे होते, आपण नव्हतो. रेसची उत्तम घोडी पुढे पैदाशीला जाते, ही रीत जगभरची आहे.

मोतद्दाराचा मुलगा
रीत जगभरची आहे म्हणून ती बरोबर ठरत नाही. ठपका मी कोणा माणसावर ठेवलेला नाही. विणीनंतर घोडीला हा धोका असतो, हे तबेल्यातला पोरगाही जाणतो, आणि तरी वय वाढत असताना तिला पुन्हा पुन्हा गाभण ठेवतात. आपण तिच्यावर प्रेम करता म्हणता, तर याचाही राग यायला हवा.

यारातीरी
राग मलाही येतो. पण अ‍ॅस्कॉटच्या दुखापतीनंतर ती संपली असे सगळे म्हणत होते, तेव्हा तिचे प्रशिक्षक पीटर मूडी यांनी तिला घाई न करता सावरले, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तिच्याच नावाने झालेली लाइटनिंग ही शर्यत तिने ५५.४२ सेकंदांत मारली. हेही तिला जपणाऱ्या माणसांनीच केले.

वजनकाटा
१००० मीटर ५५.४२ सेकंदांत, तेही तशा दुखापतीनंतर. हा आकडा मी विसरलो होतो. १४०० च्या पुढचा माझा प्रश्न तसाच आहे. पण 'दुबळ्या घोड्यांविरुद्ध' हे शब्द मूळ लेखातून आज काढतो.